कामाचा कुत्रा, बिनकामाचं घर

आपल्या गोव्यात कुत्रा नसलेलं घर शोधावं लागतं. पूर्वीही लागत असे. बलकावात, गोठ्याच्या कडेला नाहीतर पायरीवर एखादा गावठी कुत्रा पसरलेला असायचाच. त्याला कुणी विकत आणलेलं नसायचं, तो आपला आपण येऊन राहिलेला असायचा. उरलेली पेज, भात, बांगड्याचं डोकं एवढ्यावर त्याची गुजराण. लाड नावाचा प्रकार त्याला ठाऊक नव्हता. पण एक गोष्ट त्याच्यापाशी होती, ती म्हणजे काम. रात्री भाटात कोण शिरलं, पणसाच्या झाडाखाली कसला आवाज झाला, अनोळखी माणूस दारात उभा आहे की वाट चुकलाय, हे सगळं बघणं त्याच्याकडे. राखण हा त्याचा धंदा आणि अख्खा वाडा हे त्याचं रान. त्याला ‘व्यायाम’ द्यावा लागतो असं त्या काळी कुणी म्हटलं असतं तर आजीने पदराआड हसून घेतलं असतं.

आता वाडे राहिले नाहीत, बलकाव राहिले ते फोटोंपुरते. आपण फ्लॅटमध्ये आलो आणि आपल्याबरोबर जातिवंत कुत्रे आले. आज मला त्यांच्यातल्या एकाबद्दलच लिहायचंय. स्पॅनियल. लांब लोंबते कान, ओलसर डोळे, सतत हलणारी शेपूट. पिल्लू बघितलं की मुलं हट्ट धरतात आणि मोठी माणसंही विरघळतात. मग वर्ष-दीड वर्षाने त्याच घरातून फोन येतो. ‘अहो, तुम्हाला कुत्र्यांचं कळतं ना? आमचा वेडा झालाय हो!’

तो वेडा झालेला नसतो, मंडळी. तो बेकार झालेला असतो.

माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांनी पुढचं वाचायचे कष्ट घेऊ नयेत. स्पॅनियल हा दिसण्यासाठी घडवलेला कुत्रा नव्हे, तो कामासाठी घडवलेला आहे. त्याला रोज काम द्यायची तयारी नसेल तर त्याला घरात आणू नये. आणि आणलाच असेल तर त्याला नुसतं पळवून दमवायच्या भानगडीत पडू नये, त्याच्या नाकाला काम द्यावं.

आता हे काम म्हणजे काय, ते समजून घ्यायला जरा मागे जावं लागेल. स्पॅनियल या नावाचं नातं स्पेनशी जोडतात, पण हा कुत्रा घडला तो मुख्यतः इंग्लंडमध्ये. जॉन केअस नावाच्या इंग्रज वैद्याने १५७० साली ब्रिटनमधल्या कुत्र्यांवर लॅटिनमध्ये एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात जमिनीवर काम करणारे आणि पाण्यात काम करणारे असे स्पॅनियलचे दोन वर्ग त्याने केलेले आहेत. म्हणजे साडेचारशे वर्षांपूर्वीही या कुत्र्याची ओळख रंगावरून वा कानांवरून न होता कामावरून होत होती. झुडपांत दडलेला पक्षी हुसकून वर उडवायचा, हे ते काम. आधी तो ससाण्यासाठी आणि जाळ्यासाठी उडवत, पुढे बंदुकीसाठी. हुसकणारा तो स्प्रिंगर. वुडकॉक नावाच्या पक्ष्यामागे जाणारा तो कॉकर. गंमत अशी, की एकोणिसाव्या शतकात एकाच वेतातली पिल्लं वजनावरून वेगळी काढत. साधारण २५ पौंडांच्या आतला कॉकर आणि त्याहून मोठा तो स्प्रिंगर!

१८७३ मध्ये लंडनला केनेल क्लब निघाला आणि कुत्र्यांच्या प्रदर्शनांना शिस्त आली. १८९९ मध्ये स्पॅनियलांच्या रानातल्या कामाच्या स्पर्धा सुरू झाल्या. इथून दोन वाटा फुटल्या. प्रदर्शनातल्या स्पॅनियलचे कान वाढत गेले, केस वाढत गेले, डोकं घुमटासारखं झालं. रानातला मात्र आखूड कानांचा, हलक्या केसांचा, चपळ आणि अंगाने काटकच राहिला. प्रदर्शनाच्या वाटेने कॉकरने नाव किती कमावलं? तर एच. एस. लॉइड या एकाच माणसाच्या कॉकरांनी १९३० ते १९५० या काळात क्रफ्ट्सचा सर्वोच्च किताब सहा वेळा जिंकला. आपल्याकडे जे कॉकर दिसतात ते बहुतेक या दुसऱ्या, देखण्या घराण्यातले. पण घराणं देखणं झालं म्हणून नाक गेलं असं होत नाही. केस कितीही विंचरा, आतला शिकारी कुत्रा तसाच असतो.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. माझी मावसबहीण स्विंडनला असते. पोर्तुगीज पासपोर्टवर गेलेल्या गोंयकारांनी त्या गावात चांगलं बस्तान बसवलंय, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. तिच्याकडे मी दोन महिने राहिलो होतो. तिच्या शेजारी एक सत्तरी ओलांडलेले आजोबा होते, आयुष्यभर रानात कुत्र्यांबरोबर काम केलेले. त्यांच्याकडे एक स्प्रिंगर कुत्री होती, पांढरी आणि तपकिरी. सकाळी ते तिला घेऊन निघत, तेव्हा भावोजींनी माझी ओळख करून दिली आणि मी त्यांच्या मागोमाग जाऊ लागलो.

मला वाटलं होतं, इतका चपळ कुत्रा म्हणजे चेंडू फेकून फेकून हात दुखेपर्यंत पळवत असतील. तसलं काहीच नाही. ते शेताच्या कडेला उभे राहत आणि कुत्रीला वाऱ्याच्या दिशेने सोडत. ती डावीकडे वीसेक पावलं जाई, वळे, समोरून उजवीकडे वीसेक पावलं, पुन्हा वळे. नांगर फिरावा तसं सगळं गवत नाकाने उलथून काढी. त्याहून लांब मात्र जायची नाही, कारण बंदुकीच्या टप्प्याबाहेर उडालेला पक्षी शिकाऱ्याच्या काय कामाचा? मध्येच आजोबा एक शिट्टी मारत. कुत्री जिथे असेल तिथे मटकन खाली बसे. समोर तितर उडालं तरी बसूनच. बसवायला त्यांचा शब्द होता ‘हप’. तिथले स्पॅनियलवाले पिढ्यानपिढ्या तोच वापरतात.

एकदा मी त्यांना विचारलं, हिला पळायला शिकवायला किती दिवस लागले? ते हसले. म्हणाले, पळणं तिला तिच्या आईने दिलंय, मी फक्त थांबायला शिकवलं, आणि त्याला दोन वर्षं लागली.

हे वाक्य मी तेव्हापासून जपून ठेवलंय. अंगात ऊर्जा असलेल्या कुत्र्याचं आपण काय करतो? ती संपवायला बघतो. आपल्याकडे स्कूटरला दोरी बांधून कुत्रा पळवणारे लोक मी पाहिलेत. हा प्रकार तर ताबडतोब थांबवला पाहिजे. डांबराने तळपाय भाजतात, मान अडकते, आणि वर्षाच्या आतल्या पिल्लाची हाडं अजून वाढत असतात त्यांची वाट लागते ती वेगळीच. आणि एवढं करून साधतं काय? कुत्र्याचा दम वाढतो! आज दोन किलोमीटरला दमणारा महिन्याने चार किलोमीटरला दमत नाही. चेंडूचंही तसंच. शंभर वेळा चेंडू फेकलात तर कुत्रा शांत होत नाही, तो चेंडूचा व्यसनी होतो. शरीर थकलेलं आणि डोकं पेटलेलं अशा अवस्थेत तो घरी येतो आणि सोफा फाडतो.

याउलट नाकाचं काम. कुत्र्याला वास शोधायला लावला की त्याचं सगळं लक्ष एका जागी येतं. पंधरा-वीस मिनिटांच्या शोधानंतर तो जसा शांत झोपतो तसा तासाभराच्या धावपळीनंतर झोपत नाही, हा माझा रोजचा अनुभव आहे.

स्पॅनियलच्या या नाकाचं मोल जगाने कसं ओळखलंय बघा. २००३ च्या मार्चमध्ये इराकमधल्या सफवान इथे बस्टर नावाच्या स्प्रिंगरने लपवलेला शस्त्रसाठा शोधून दिला. त्याला त्याच वर्षी डिकिन पदक मिळालं. प्राण्यांच्या शौर्यासाठी मारिया डिकिन यांनी १९४३ मध्ये सुरू केलेलं हे पदक. तेच पदक २०१२ मध्ये थिओ नावाच्या स्प्रिंगर संकराला मरणोत्तर दिलं गेलं. अफगाणिस्तानात १ मार्च २०११ रोजी त्याचा साथीदार सैनिक लियाम टास्कर मारला गेला आणि त्यानंतर काही तासांतच थिओही झटका येऊन गेला. लढाईच्या गोष्टी नको असतील तर ही घ्या. २०१८ मध्ये उत्तर-पश्चिम इंग्लंडातल्या एका पाणी कंपनीने स्नाइप नावाच्या कॉकरला जमिनीखालची नळाची गळती शोधायच्या कामाला लावलं. नळाच्या पाण्यातल्या क्लोरिनचा वास तो मातीतून ओळखतो. आपल्याकडे आला तर बिचाऱ्याला एक दिवस सुट्टी मिळायची नाही! असो.

सांगायचं ते एवढंच, की ज्या नाकावर सैनिक आपला जीव सोपवतात, ते नाक आपण बाल्कनीच्या गजांना लावून ठेवतो आणि वर म्हणतो, हा भुंकतो फार.

ब्रुनो माझ्याकडे आला तो असाच. फोंड्यातल्या एका कुटुंबाने हौसेने आणलेला सोनेरी कॉकर. चौदा महिन्यांचा झाला तेव्हा पुढचे पाय चाटून चाटून सोललेले, दिवसभर बाल्कनीत बांधलेला, पोदेराच्या सायकलचा पों-पों ऐकू आला की घसा बसेपर्यंत भुंकणारा. शेजाऱ्यांच्या तक्रारी वाढल्या. डॉक्टरांनी तपासलं, कातडीचा रोग नाही म्हणाले. घरचे लोक वाईट नव्हते, हे मुद्दाम सांगतो. नवरा-बायको दोघं नोकरीला, मुलं शाळेत, शिकवणीला. खायला उत्तम, झोपायला गादी. फक्त त्या कुत्र्याला दिवसाच्या चोवीस तासांत करण्यासारखं काहीही नव्हतं. त्याला कुठेतरी ‘सोडून यायची’ भाषा सुरू झाली तेव्हा मी घेऊन आलो. सोडून यायचं म्हणजे काय असतं ते आपण सगळे जाणतो. बाजारातल्या गावठी कुत्र्यांच्या टोळीत लांब कानांचा कॉकर आठवडाभर टिकत नाही.

आमच्या घरी कुळागर आहे, पण कुळागरामुळे तो सुधारला असं समजू नका. पहिला महिना तर मी त्याला तिथे मोकळा सोडलाच नाही. जुन्या मोज्यात सोडणाचा काथ्या भरून एक बोचकं शिवलं. आधी घरातच, दाराआड, खाटेखाली ते लपवायचं आणि ‘शोध’ म्हणायचं. सापडलं की शाबासकी, हातात आणून दिलं की एक खाऊ. मग अंगणात, मग पोफळींच्या आळ्यांत. रात्रीचं जेवण कधीच ताटलीत नाही. कोरडे दाणे गवतात विखरून द्यायचे आणि त्याने एकेक वेचायचा. आणि प्रत्येक खेळात मधूनच शिट्टी, बसणं, थांबणं. एवढंच. तीन महिन्यांत पायांवर केस आले. पोदेर अजून रोज येतो, ब्रुनो एकदा भुंकून त्याची दखल घेतो आणि गप्प होतो.

यातलं असं काय आहे जे फ्लॅटमध्ये होणार नाही? लोक मला म्हणतात, तुमचं काय, तुम्हाला जागा आहे. जागेचा प्रश्नच नाही हो! तीन हजार चौरस मीटरच्या आवारात साखळीला बांधलेले कुत्रे मी पाहिलेत आणि दोन खोल्यांत सुखाने नांदणारेही पाहिलेत. सकाळी पाऊण तास, संध्याकाळी अर्धा तास आणि मध्ये पंधरा मिनिटं शोधाशोध. हा दीड तास रोज, म्हणजे चतुर्थीलाही आणि घरात लग्न असलं तरीही, देता येत असेल तर स्पॅनियल ठेवा. येत नसेल तर मनावर दगड ठेवून पिल्लाच्या डोळ्यांत बघू नका.

आपल्या हवेचाही विचार करायला हवा. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून अंग थंड करतो, आणि दमट हवेत ते नीट जमत नाही. एप्रिल-मे महिन्यात उजाडायच्या आत बाहेर पडायचं आणि ऊन चढण्याआधी परत यायचं, याला पर्याय नाही. रस्त्यावर हाताची पालथी बाजू टेकवून बघा. पाच-सात सेकंद ठेववत नसेल तर त्याचे पायही ठेवू नका. पावसाळ्यात ते लांब कान म्हणजे बुरशीचं माहेरघर. भिजून आला की कान आतून कोरडे करायलाच हवेत. गोचडी तर बारमाही, त्यांच्यापासून येणारा ताप कुत्र्याचा जीव घेतो. रोज बोटांच्या बेचक्यांत, कानांमागे, काखेत हात फिरवून बघायचं. पावसानंतर सड्यावरच्या गवताची कुसळं पायांत आणि कानांत घुसतात, तीही तेव्हाच काढायची. उन्हाळ्यात केस कातरून ठेवले तर ही सगळी कामं निम्म्याने सोपी होतात.

आणि आता शेवटचा मुद्दा, ज्यावर माझं अनेक श्वानप्रेमींशी भांडण होतं. ‘कुत्र्याला मोकळं सोडलं पाहिजे, तो त्याचा हक्क आहे,’ असं ते म्हणतात. कुठे सोडायचं? या कुत्र्याचं मूळ काम पक्षी उठवणं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. तेव्हा आपल्या रानात स्पॅनियल मोकळा सोडणं म्हणजे बंदुकीशिवाय शिकारच. उन्हाळ्यात सड्यावर टिटवी उघड्या दगडांत अंडी घालते. एक कॉकर अर्ध्या तासात अख्खा सडा पालथा घालतो. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग या किनाऱ्यांवर हिवाळ्यापासून कासवं अंडी घालायला येतात आणि वाळू उकरणारं कुत्र्याचं नाक ती घरटी सहज शोधतं. रानकोंबडी, मोर यांची गोष्ट तर सोडूनच द्या.

इंग्लंड हा तर या कुत्र्याचा देश. तिथे तरी मोकळीक आहे का? मेंढ्यांच्या मागे लागलेल्या कुत्र्याच्या मालकाला शिक्षा करणारा कायदा तिथे १९५३ पासून आहे. २००० सालच्या कायद्याने लोकांना फिरायला खुल्या केलेल्या माळरानांवर १ मार्च ते ३१ जुलै या काळात कुत्रा दोन मीटरच्या आतल्या दोरीनेच न्यावा लागतो, कारण तो जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांचा हंगाम. ज्यांनी हा कुत्रा घडवला त्यांना जर टिटवीच्या जातभाईंची एवढी काळजी, तर आपण का करू नये?

शिवाय आपल्याकडचे धोके उलटेही आहेत. कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत. गावांच्या कडेला बिबटे येतात आणि त्यांना कुत्रा आवडतो. गवतात घोणस असते. म्हणून माझा नियम साधा आहे. रानात आणि किनाऱ्यावर लांब दोरी, दहा मीटरची. त्या दोरीच्या टोकाला ब्रुनो डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे हुंगत जातो, शिट्टीला बसतो आणि मी लपवलेलं बोचकं शोधून आणतो. त्याला त्यात काही कमी पडलंय असं मला तरी दिसलेलं नाही. पक्षी मिळाला काय आणि बोचकं मिळालं काय, शोधण्याचा आनंद त्याला सारखाच.

आपल्या गावठी कुत्र्याला राखण मिळाली होती, म्हणून तो शहाणा होता. स्पॅनियलला शोध मिळाला की तोही शहाणा होतो. दुकानात पिल्लाची किंमत विचारण्याआधी घरच्या सगळ्यांनी एकत्र बसून एका प्रश्नाचं उत्तर द्यावं. याला रोज काम कोण देणार? त्या खोलीत एक जरी हात वर झाला तर पिल्लू जरूर आणा. सगळे एकमेकांकडे बघू लागले तर सरळ चहा करा, आणि दारात येऊन बसणाऱ्या गावठी कुत्र्याला लस टोचून रोज दोन घास घाला. तो आपलं काम स्वतःच शोधून काढेल.